मोरावा नदीच्या पुलावर

व्लास्ता आयुष्यभर वीटभट्टीवर राबली, पण ब्रातिस्लाव्हाहून तासाभरावरच्या व्हिएन्नाला कधी गेली नव्हती. पूर्वी, कम्युनिस्ट राजवटीत सरहद्द बंद असताना, याच मार्गावर शिपायांनी तिच्या भावाला रेल्वेगाडीतून उतरवलं होतं. तो परत आलाच नाही. या शनिवारी मुलीनं, झोरानं, तिला बळेच गाडीत बसवलं.

सरहद्दीची मोरावा नदी जवळ येताच व्लास्तानं बॅग उघडून सीटवर ठेवली आणि पासपोर्ट धरून उभी राहिली.

“आई, बस गं! आता कुणी तपासत नाही. लोक हसतायत.”

“हसू देत. बसलेल्यांवर शिपाई आधी भडकतात.”

दार सरकलं. गणवेशातला माणूस आला. व्लास्तानं पासपोर्ट पुढे केला. त्यानं तिकिटं पाहिली, “बसा, आजी,” म्हणाला आणि पुढे गेला.

“इतकं गोड बोलला,” ती पुटपुटली, “म्हणजे शिपायांना आणायला गेला.”

व्हिएन्ना येईपर्यंत ती बसली नाही.