केरबाची इंटर्नशिप आणि नळातली हवा

केरबा पोवारला एका पोरीनं हाताखाली ठेवून घेतलंय, ही बातमी तालमीच्या कट्ट्यावरून निघाली आणि दूधवाल्याच्या आधी घरोघर पोचली. दुपारपर्यंत तिला हातपायही फुटले. कुणी म्हणालं, त्याची चावी काढून घेतली. कुणी म्हणालं, गळ्यात पट्टा बांधलाय.

पट्टा होता, हे खरं. त्याला ओळखपत्र लटकत होतं आणि त्यावर 'इंटर्न' असं छापलेलं होतं. बाकी सगळी गल्लीची करामत. तीस वर्षं पाणी सोडणाऱ्या केरबाला पाणीपुरवठा कंपनीनं नव्या कंट्रोल रूममध्ये महिनाभर शिकायला बसवलं होतं, एवढंच. शेवटी परीक्षा. पास झाला तर चावी त्याच्याकडेच. नापास झाला तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं कंपनीच्या बागेत. ज्यानं अर्ध्या पेठेला पाणी पाजलं, त्यानं आता जास्वंदीला पाजायचं. ह्या विचारानं त्याला जेवण गोड लागेना.

चावी म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायची, छातीएवढी उंच लोखंडी कांब. एसीच्या खोलीतही तो ती खुर्चीला टेकवून ठेवायचा, पावण्यानं छत्री ठेवावी तशी.

शिकवायला होती शिरोळची निशा कांबळे, वय तेवीस. पंधराव्या दिवशी तिनं हळूच सांगितलं, की तीही सहा महिन्यांची इंटर्नच आहे, आणि कंट्रोल रूमचे प्रमुख उदयसिंह सरांनी हो म्हटलं तरच पुढं कायम होणार. केरबानं तिच्याकडं बघितलं. "म्हंजे तुमच्याबी गळ्यात पट्टाच की." तेव्हापासून ती त्याला मामा म्हणायला लागली.

महिनाअखेरची परीक्षा सोपी होती. येईल त्या तक्रारीला दोन मिनिटांत लेखी उत्तर. तक्रार आली टेकावरच्या वस्तीतल्या धोंडुबाईची: 'सकाळधरनं थेंब न्हाय.' स्क्रीनवर टेकाच्या लाइनचा दाब पुरेपूर, सगळं हिरवंगार. निशानं तयार वाक्यावर बोट ठेवलं: 'आपल्या भागातील पुरवठा सुरळीत आहे.'

"मामा, एवढं दाबा. झालात पास."

केरबाचं बोट वर गेलं आणि तिथंच थांबलं.

"दाब हाय म्हणून पाणी हाय, असं कुठं असतंय? कळंब्याच्या वाटंला तो जुना दगडी बुरूज बघितलाय का?"

"मामा, दीड मिनिट राहिलं."

"उच्छ्वास म्हणत्यात त्याला. खालनं जुना नळ जातोय. पाण्यासंगट हवा येती आणि उंचावर अडकून बसती. म्हणून जुन्या माणसांनी त्या बुरुजातनं तिला वर जायला वाट ठेवली. ती न्हाय ठेवली तर अलीकडं नळ भरलेला आणि पलीकडं ठणठणाट."

एवढं बोलून त्यानं धोंडुबाईला फोन लावला. ती जी सुरू झाली, तिनं कंपनीपासून केरबाच्या आजोबापर्यंत कुणालाच सोडलं नाही. केरबानं फोन टेबलावर उताणा ठेवला आणि चष्मा पुसत बसला. निशा घड्याळाकडं बघून रडकुंडीला आली. दोन मिनिटं कधीच उलटून गेली होती. पाचव्या मिनिटाला धोंडुबाईचा आवाज खाली आला.

"आणि नळ निस्ता फुसफुसतोय बघ, मांजरागत."

"हां वैनी. हेच पायजे होतं."

तो चावी घेऊन उठला, टेकाच्या चौकात गेला आणि खड्ड्यातला हवेचा व्हॉल्व्ह सैल केला. लाइननं लांबलचक सुस्कारा टाकला. दहा मिनिटांत धोंडुबाईच्या मोरीत घागर भरत होती.

इकडं मशीननं मार्क देऊन टाकले होते: शून्य. पाठोपाठ उदयसिंह सरांचा फोन. शिकवलं काय महिनाभर, त्या म्हाताऱ्याबरोबर तूही घरी जाशील, असं बरंच काही. एरवी निशानं पहिल्याच वाक्याला सॉरी म्हटलं असतं आणि सांगायचं ते पोटातच राहिलं असतं. त्या दिवशी तिनं फोन टेबलावर उताणा ठेवला. सर दमल्यावर उचलला.

"सर, दाब होता, पाणी नव्हतं. मशीनला ते कळलं नाही, मामांना कळलं. सुरळीत आहे म्हणून कळवलं असतं, तर संध्याकाळी सगळं टेक दारात आलं असतं."

सरांचाही आवाज खाली आला. मग, "चावी राहू दे त्याच्याकडं. आणि ते तयार वाक्य काढून टाक."

स्वतःच्या नोकरीचं तिनं विचारलं नाही, सरांनीही सांगितलं नाही. केरबाला मात्र घरी जाताना तीच रुखरुख लागून राहिली.

संध्याकाळी चावी खांद्यावर टाकून तो गल्लीत शिरला तेव्हा कट्टा भरलेलाच होता. महिनाभराचं तोंडसुख बाकी होतं. पोरीनं कान धरले का, पाटी-पेन्सिल दिली का, पट्टा झोपताना काढतोस का, मार्क शून्य पडले म्हणं. केरबानं चावी भिंतीला टेकवली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. सगळे गप्प झाल्यावर म्हणाला,

"झालं बोलून? गेली आसंल हवा, तर घागरी लावा. पाणी सोडलंय."