दुसरीच्या वर्गाला सूर्य दाखवला तेव्हा

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी मुलगी जे. पी. नगरातल्याच एका छोट्या शाळेत दुसरीचा वर्ग शिकवते. मला ती अक्का म्हणते, वर्गातली मुलं तिला मिस म्हणतात. गच्चीवर माझी दुर्बीण असते हे तिला ठाऊक होतं. एका रविवारी जिन्यात मला गाठून ती म्हणाली, "अक्का, आमच्या मुलांना आकाशाबद्दल सांगायला याल का? फार नाही, स्वल्प. अर्धा-पाऊण तास."

मी काही शास्त्रज्ञ नाही. बोम्मसंद्रातल्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग मापून, तपासून पुढे पाठवायचं माझं काम. दुर्बीण हा छंद. मोठ्या माणसांना दोन-चारदा आकाश दाखवलं होतं, पण सात वर्षांच्या मुलांपुढे कधी उभी राहिले नव्हते. भाषेची अडचण नव्हती. आमचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, कन्नड मुलखातलं. आम्ही घरात जे बोलतो त्याला मराठी म्हणताना पुण्याचे पाहुणे जरा बिचकतात, इतकं त्यात कन्नड मिसळलेलं. भीती होती ती मुलांची. तरी हो म्हटलं.

दिवसा शाळेत तारे कुठून आणणार, म्हणून सूर्यच दाखवायचं ठरवलं. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. तिच्यातून येणारं सूर्याचं चित्र पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायचं. ताटलीएवढा सूर्य दिसतो, नशीब असेल तर त्यावरचे काळे डागही दिसतात.

गुरुवारी सकाळी वर्गात गेले. पाचव्या मिनिटाला एकानं विचारलं, "सूर्याला रविवारी सुट्टी असते का?" आणि माझी भीती गेली. सूर्याच्या आत आणखी एक सूर्य असतो का, तो समुद्रात बुडाल्यावर विझत का नाही, असं बरंच काही त्यांनी विचारलं. मला येत होतं तेवढं मी सांगितलं, येत नव्हतं तिथं येत नाही म्हटलं.

बाहेर मैदानात नेण्याआधी मात्र मी आवाज चढवून बोलले. "सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही. या नळीतून तर मुळीच नाही. डोळे बिघडतात. मग फळ्यावरची अक्षरं धुरकट दिसतात, मिसचा चेहरा नीट दिसत नाही. आणि दुखत नाही, त्यामुळे आपल्याला कळतही नाही." त्यांना जरा धाक बसावा अशीच माझी इच्छा होती.

मैदानात मुलांची रांग केली. पुठ्ठ्यावर सूर्य उमटला, दोन डागही दिसले. अर्धी रांग बघून झाली असेल, तेवढ्यात वाऱ्यानं पुठ्ठा उडाला. मिस रांगेच्या दुसऱ्या टोकाला भांडण सोडवत होती. मी पुठ्ठ्यामागं धावले. दहा पावलं गेले, दहा पावलं परत आले. बघते तर एक मुलगी दुर्बिणीपाशी उभी होती. दोन वेण्या, गळ्यात अडकवलेली पाण्याची बाटली, आणि तोंड नळीला जवळजवळ टेकलेलं. मी तिला खांद्याला धरून मागं ओढलं आणि रांगेत पाठवलं. घंटा झाली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या आनंदात मी ते विसरले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कॅन्टीनमध्ये बसले होते, तेव्हा मिसचा फोन आला.

"अक्का, वर्गातली एक मुलगी सकाळपासून रडते आहे. म्हणते, माझे डोळे बिघडले. फळ्यावरचं धुरकट दिसतं म्हणते. काल सूर्याकडे बघितलं म्हणून असं झालं, असं सांगते."

"गळ्यात बाटली अडकवते तीच का?" मी विचारलं.

"हो, तीच. तुम्हाला कसं कळलं?"

मी काहीतरी पुटपुटले. पुढ्यातला डबा तसाच बंद केला. माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मल्लेश्वरमच्या एका डॉक्टरांनी केलं होतं, त्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उद्या सकाळी नऊला घेऊन या म्हणाले. मी म्हटलं, "आजच आणू का?"

"आज काय, उद्या काय," ते शांतपणे म्हणाले. "सूर्यानं डोळ्याचा पडदा भाजला असेल तर तो भाजून झालेला आहे. त्यावर खास औषध नसतं. काही वेळा आपोआप भरून येतं, काही वेळा नाही."

दुपारभर मी मापं घेत होते. एकच भाग मी तीनदा मापला आणि तीन वेगळी मापं लिहिली. शेवटी सहकाऱ्याला सांगून लवकर निघाले.

संध्याकाळी अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, सगळं सांगितलं. दुर्बीण सोडून पुठ्ठ्यामागं धावले हेही सांगितलं. तोवर ते कुणालाच सांगितलं नव्हतं. अण्णानं मला समजावलं नाही की धीरही दिला नाही. तो एवढंच म्हणाला, "हे त्या मुलीच्या बापाला सांग. डॉक्टरांनी सांगायच्या आधी तू सांग."

मुलीचे वडील रिक्षा चालवतात. मिसनं निरोप दिला होता, त्याप्रमाणे शनिवारी सकाळी शाळेच्या फाटकापाशी ते रिक्षा घेऊन आले. मुलगी मागं बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. जे. पी. नगरहून मल्लेश्वरम म्हणजे सगळं शहर ओलांडायचं. त्यांनी नमस्कार केला, आणि पहिल्या सिग्नलला मागं न बघताच विचारलं, "मॅडम, नळीतून बघितलं तर जास्त त्रास होतो ना?"

"हो," मी म्हटलं. मग सांगून टाकलं. वारा आला, पुठ्ठा उडाला, मी दुर्बीण सोडून गेले, परत आले तेव्हा ही नळीपाशी होती. "तिनं आत बघितलं की नाही मला दिसलं नाही. पण मी तिथून हलायला नको होतं. चूक माझी आहे."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. त्यांनी रिक्षा पुढं काढली.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "आधी डॉक्टर काय म्हणतात ते बघू."

त्यानंतर मल्लेश्वरम येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी मुलीला हळूच विचारलं, "तू नळीत बघितलंस का गं?" तिनं बाटलीचं झाकण उघडलं, बंद केलं, आणि बापाच्या पाठीकडे बघत बसली. मी पुन्हा विचारलं नाही.

दवाखान्यात आधी तिला भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. सगळ्यात वरचं मोठं अक्षर तिनं वाचलं. दुसऱ्या ओळीला ती थांबली, डोळे बारीक केले आणि मान हलवली. तिचे वडील माझ्याकडे न बघता दारातून बाहेर जाऊन उभे राहिले. मग डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो म्हणून आम्ही तिघं बाकावर बसून राहिलो. मी देवाला फारसं काही मागत नाही, त्या दिवशी मात्र मागितलं.

नंतर डॉक्टरांनी तिला अंधाऱ्या खोलीत नेलं, डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ तपासलं, यंत्रावर पडद्याचे फोटो काढले, आणखी एका यंत्रावर नंबर बघितला. मग आम्हाला आत बोलावलं.

"पडदा स्वच्छ आहे," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांचा. भाजल्याची खूण कुठंही नाही."

"पुन्हा एकदा बघाल का?" मी म्हटलं.

"तुम्ही असं म्हणणार म्हणून दोनदा बघितलं."

"पण तिला दिसत नाही," वडील म्हणाले. "दुसरी ओळसुद्धा वाचता आली नाही."

डॉक्टर मुलीकडे वळले आणि लाडानं म्हणाले, "धुरकट कधीपासून दिसतं, पुट्टी?"

"पहिलीत होते तेव्हापासून," ती म्हणाली. "त्याच्या आधीपण."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

तिला प्रश्न कळला नाही असं वाटलं. "सगळ्यांना तसंच दिसतं ना?" मग तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "या आंटी म्हणाल्या, फळा धुरकट दिसला, मिसचा चेहरा दिसला नाही, म्हणजे डोळे बिघडले. मला तसंच दिसतं. आणि मी सूर्याकडे बघितलं होतं. एकदाच. असं." तिनं डोळे मिटत मान वर केली.

"आणि नळीपाशी काय करत होतीस?" मी विचारलं.

"नळीवर बारीक काहीतरी लिहिलंय. ते वाचत होते. जवळ गेल्याशिवाय दिसत नाही."

तिला जवळजवळ चारचा नंबर होता. लांबचं दिसत नव्हतं, आणि सात वर्षांत कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. डॉक्टर चष्म्याचा कागद लिहायला लागले, तेव्हा मी खुर्ची ओढून बसले. डॉक्टरांनी न विचारता पाण्याचा पेला पुढं केला.

वडिलांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. "टीव्हीला नाक लावून बसते म्हणून आम्ही हिला ओरडतो," ते म्हणाले. "वहीत बघून नीट लिहिते, फळ्यावरचं चुकवते. लक्ष नाही म्हणून मी एकदा मारलंसुद्धा." मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ते तसेच उभे राहिले.

बाहेर आल्यावर त्यांनी बायकोला फोन केला. "डोळे चांगले आहेत. चष्मा लागलाय, एवढंच." पलीकडून काय बोलणं झालं कळलं नाही, पण ते हसले. मग आम्ही कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात नाश्त्याला गेलो. आदल्या दुपारपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी इडलीच्या दोन प्लेट संपवल्या आणि तिसरी मागवली. थेंबांमुळे मुलीला उजेड सोसत नव्हता. वडिलांचा काळा चष्मा नाकावर सावरत, चमच्यानं सांबार शोधत ती खात होती. परतीच्या वाटेवर वडील भरपूर बोलले. रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल, मेट्रोमुळे कमी झालेल्या गिऱ्हाइकांबद्दल, आणि चंद्रावर खरंच पाणी आहे का याबद्दल.

रविवारी मिसकडे खाली जाऊन मी दुर्बीण सोडून धावल्याचं तिलाही सांगितलं. आता मी शाळेत जाते तेव्हा दुर्बिणीपाशी एक मोठं माणूस उभं करते, आणि पुठ्ठा उडाला तर उडू देते.

दोनेक आठवड्यांनी मिस जिन्यात भेटली. मुलीला चष्मा मिळाला होता आणि तिला पुढच्या बाकावर बसवलं होतं.

"फळ्याकडे बघतच नाही, अक्का," ती म्हणाली. "दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसते. काल सगळ्या वर्गाला सांगितलं, मिसच्या हनुवटीवर तीळ आहे."

मी तिच्या हनुवटीकडे बघितलं. खरंच होता. इतकी वर्षं शेजारी राहून मलाही तो दिसला नव्हता.