गाळलेली ओळ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि माझं तिच्यापासून काही लपत नाही, असं ती चारचौघांत सांगत असते. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो, तीनदा उठलो. आता तुम्हाला सांगूनच उठतो.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. प्रवरेकाठच्या एका बाजारगावात — नाव नको — मी तलाठी होतो. गाव मला भाऊसाहेब म्हणे, पण नोकरी अजून कायम झालेली नव्हती. शिर्डीला, नेवाशाला जाणारी माणसं आमच्याकडेही थांबावीत, म्हणून नदीकाठी घाट, बाग, बाकडी, होड्यांसाठी धक्का करायचं ठरलं. चांगलंच काम होतं ते. गावाला संध्याकाळी बसायला जागा नव्हती — बघा, लागलो लगेच कामाची बाजू घ्यायला!

त्याच जागेच्या वाळूत सोनाबाई खरबुजं लावायची. भोयाची विधवा, पदरात दोन मुली. पाऊस सरून पात्र उघडं पडलं की वाळूत खड्डे घ्यायचे, शेणखत भरायचं, बी टोचायचं — सासऱ्यापासूनची वहिवाट. तिघींचं वर्षाचं पोट त्यावर. कागद नव्हता. वाळूचा कागद कोण करतं? तिची खरबुजं मी दोन उन्हाळे खाल्ली होती, फुकट.

आश्विनात मोजणीला गेलो. खड्डे घ्यायला अवकाश होता, वाळू मोकळी दिसत होती. शिपाई आला नव्हता, म्हणून साखळीचं दुसरं टोक सोनाबाईनेच धरलं, हसत. मग पंचनामा. तिची वहिवाट लिहिली असती तर नोटिसा, सुनावणी, कागद परत. मी लिहिलं : सदर जागेवर कोणाचीही वहिवाट नाही. असं लिही म्हणून तहसीलदारसाहेबांनी सांगितलं होतं का? नाही. कुणीच सांगितलं नव्हतं. साहेबांना काय आवडेल, ते माझं मीच ओळखलं.

तेही एक वेळ — नाही, थांबा, खरं पुढेच आहे. एक पंच कमी पडत होता. मी तिलाच पंच केलं. पंचनामा वाचून दाखवावा लागतो. मी दाखवला, खणखणीत आवाजात, आणि ती एक ओळ गाळली. तिने पदराला हात पुसून अंगठा दिला. तिला आजवर कुणी पंच केलं नव्हतं; केवढी खूश झाली होती! आणि शेवटी मी लिहिलं : वाचून दाखविले, बरोबर आहे.

दिवाळीनंतर तारेचं कुंपण उभं राहिलं. सोनाबाई खताची पाटी बाहेर ठेवून कचेरीत आली. साहेबांनी कागद पुढे केला — हा तुझाच अंगठा ना? मी शेजारीच उभा. आता ही माझ्याकडे बोट दाखवणार! की दाखवावं, असंच वाटत होतं मला? ठाऊक नाही.

"माझाच हाय, सायेब," ती म्हणाली. "भाऊसाहेबांनी समदं वाचून दावलं हुतं. मलाच उमगलं नसंल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी — मी मान हलवली. हो, म्हणून.

त्या हंगामात ती मुलींना घेऊन ऊसतोडीला गेली. मी नोकरीत कायम झालो. घाटही झाला, छान झाला. मान हलवली तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. चूक आपलीच, अशी तिची खात्री मी करून दिली.