मामांचं अर्ध्या तिकिटाचं कार्ड

पुरं भाडं भरणाऱ्याला आमचे मामा माणसात धरत नाहीत. "हा माहा भाचा, पुऱ्या तिकिटाचा," अशी ते मलकापूरच्या स्टँडवर माझी ओळख करून देतात. मी पन्नाशीचा शिक्षक. मला अजून सवलत नाही, यात माझा गुन्हा काय? पण मामांसमोर मला अपराधी वाटतं. ती माझी जुनी खोड आहे, आणि मामांना ती बरोबर सापडली आहे.

ज्येष्ठांचं स्मार्ट कार्ड ते रुमालात गुंडाळून ठेवतात. बस लागली की तोच रुमाल खिडकीतून आत टाकून मामींसाठी जागा धरतात आणि कार्ड दातांत धरून चढतात. कार्डानं पैसे वाचतात, हे त्यांचं व्याख्यान सगळ्या स्टँडला पाठ आहे. वाचतात, खोटं नाही. फक्त कार्ड चालणारी बस येईपर्यंत ते दोनदा चहा पितात, एकदा भजी खातात. तो हिशेब काढला की म्हणतात, "घरी काय मी चहा पेत नाही काय बे?"

संग्रामपूरहून फोन आला, मामींच्या बहिणीचं शेवटचं चाललंय, त्या सकाळी मी सोबत होतो. समोर त्याच वाटेवरची जळगाव जामोदची काळीपिवळी जीप भरत आली होती.

"तिच्यात कार्ड चालत नाही," मामा म्हणाले.

"तिथं तिचा जीव जाऊन राह्यला," मामी म्हणाल्या. "यमाले कार्ड दाखवता काय?"

जीप निघून गेली. मामा चिडतील म्हणून मीही तिला हात केला नाही. ते कंजूष, मी नेभळट; घराणं एकच.

बरीच वाट पाहिल्यावर बस आली. रुमाल पडला, आम्ही बसलो. सुटण्याआधीच वाहक तिकिटं देऊ लागला. त्यानं मामांचं कार्ड यंत्राला लावलं आणि परत दिलं. मुदत संपली होती. नवीन करायला पैसे पडतात म्हणून मामांनी ते केलंच नव्हतं.

"बाईंचं अर्धं, तुमचं पुरं," वाहक म्हणाला.

"पुरं काढाले मी येडा आहे काय? चाल व, उतर," म्हणत मामांनी मामींची पिशवी ओढली.

मामींनी पिशवीचा बंद सोडला नाही. "तुम्ही कार्ड घेऊन घरी जा. मी चालली."

आणि मामा खरंच उतरले. मी मामींबरोबर पुढे गेलो.

बहीण भेटली. मामींचा हात हातात घेतला, नाव घेतलं, आणि दुपारी गेली. मी मामींना घेऊन परतलो तेव्हा मामा दारातच उभे होते. म्हणाले, "माहं तं पुरंच भाडं वाचलं." इतका कोत्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कार्ड त्यांनी नंतर नवं करून घेतलं. परवा त्या दोघांबरोबर पुन्हा बसमध्ये चढलो. मामांनी नेहमीसारखा रुमाल टाकून शेजारची जागा धरली होती. मामी त्यांच्याकडे न बघता पुढे गेल्या, बायकांमध्ये बसल्या, स्वतःचं तिकीट स्वतः काढलं. त्या दिवसापासून त्या असंच करतात.

बस भरली. एकानं रुमालाकडे बोट दाखवलं. "माणूस येऊन राह्यला," मामा म्हणाले. मला त्यांनी त्या जागेवर ‘बैस’ म्हटलं नाही. मीही रुमाल उचलला नाही. नांदुऱ्यापर्यंत उभाच गेलो.