लेंड्या कोण उचलतं?

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आम्हा प्राणिशास्त्रवाल्यांना कीटकांची पेटी करावी लागायची. सोलापुरातल्या माझ्या मैत्रिणी फुलपाखरांमागे धावल्या. मी मोहोळजवळच्या गावाहून एसटीने ये-जा करणारी. मला घरच्या रानात सापडले ते शेणकिडे. ते मी चपात्यांच्या डब्यातून कॉलेजात नेले. आईने तो डबा पुन्हा घरात घेतला नाही.

मॅडमनी पेटी पाहून एवढंच विचारलं, "हा शेण नेतो कुठे?" मला स्वतःचाच राग आला. लहानपणापासून पायाखाली येणारा किडा, आणि त्याचं घर मला ठाऊक नाही!

परीक्षा संपली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दरवर्षीसारखी खतासाठी रानात मेंढरं बसवली. सांगोल्याकडचे दोन कळप आले. एक विहिरीपाशी बसला, दुसरा बांधाकडे. वळीव नुकताच पडून गेला होता. सकाळी मी मातीत पालथी पडून बघत होते. विहिरीकडे किडे लेंड्या ढकलत होते, जमिनीत पुरत होते. बांधाकडे मात्र शुकशुकाट. असं का? मला राहवेना. बांधाकडच्या मेंढपाळाच्या बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "ह्या मेंढरांस्नी जंताचं औषध पाजलंय की."

घरी येऊन मी आप्पांना ती औषधाची गोष्ट सांगितली आणि सांगून टाकलं, मला एम.एस्सी. करायचंय, किड्यांवर.

"बी.एड. कर. शेणातलं किडं बगून पोट भरतंय व्हय?" आप्पा म्हणाले आणि चहा पिऊन उठले. मी चुलीपाशी बसून रडले. एम.एस्सी.च्या प्रयोगांपायी रोजची ये-जा जमणार नव्हती, आणि सोलापूरला खोली घेऊन राहायचं तर त्यांच्या होकाराशिवाय काही खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रानात गेले, तर आप्पा आधीच बांधाकडे उकिडवे बसलेले. हातातल्या काडीने लेंड्या उलटून बघत होते.

"हिरीकडचं निम्मं रान साफ हाय. हितं एक लेंडी हलली न्हाय. त्या औषधानंच का गं?"

"माहीत नाही, आप्पा."

"तुज्या मॅडमना इचार."

"त्यांनाही नक्की सांगता येणार नाही. आपल्या रानातलं कुणीतरी बघायला पाहिजे."

आप्पांनी आणखी एक लेंडी उलटली. खाली काहीच नव्हतं. मग काडी टाकून, धोतराला हात पुसत ते उठले.

"मग बग की तू," म्हणाले. "खोलीचं मी बगतो."