वर टांगलेला सत्तावन्न

२०१७च्या उन्हाळ्यात मी टोरांटोच्या भरल्या स्टेडियममध्ये एका धडधाकट माणसाला मारलं. नुसत्या तोंडाने!

माझे सासरे, नाना, नागपूरहून पहिल्यांदाच आमच्याकडे कॅनडातल्या केंब्रिजला आले होते. नाना म्हणजे निवृत्त हेडमास्तर. आमचं लग्न ठरताना त्यांनी लेकीला एकच प्रश्न विचारला होता, "पोरगा कमावते ते ठीक, पण त्याले काही समजते का?" तेव्हापासून नानांवर छाप पाडणं हेच माझं जीवितकार्य. म्हणून त्यांना आणि माझ्या दहा वर्षांच्या इराला घेऊन मी बेसबॉलच्या मॅचला गेलो. (बेसबॉलमधलं मला फक्त हॉटडॉग कुठे मिळतो तेवढं कळतं!)

बसतो न बसतो तोच नानांनी वर बोट केलं. "जावईबापू, तो सत्तावन्न नंबर न त्याखाली नाव काहून टांगलं जी?"

मी गडबडलो. मोठ्या खेळाडूचा नंबर टीम पुन्हा कुणालाच देत नाही, असं ऑफिसात कधीतरी कानावर पडलं होतं. पण टांगायचा कशाला? आपल्याकडे माणूस भिंतीवर केव्हा जातो? मी आवाज खाली आणला. "मोठे खेळाडू होते. गेले बिचारे."

"अरेरे!" नानांनी इराने दिलेली टोपी काढून हात जोडले.

तेवढ्यात पुढच्या रांगेत एक आडदांड तरुण येऊन बसला. पाठीवर तोच सत्तावन्न, तेच नाव!

"चिरंजीव दिसते," नाना कुजबुजले.

"असतील," मी म्हणालो. (आता माघार कशी घेणार?)

मग आणखी एक सत्तावन्न आला. मग एक बाई, कडेवर बाळ, दोघेही सत्तावन्न! "बापरे, केवढा गोतावळा!" नाना चक्रावले. "न हे तर नाचून राहिले!"

"इकडे अशीच पद्धत आहे," मी ठोकून दिलं. माझंही डोकं गरगरायला लागलं होतं.

नानांनी त्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, व्हेरी सॉरी. युअर फादर वॉज अ ग्रेट मॅन."

"माय डॅड?" तो दचकला. "ही इज गेटिंग नाचोज!"

"धक्क्यातून सावरला नाही अजून," मी नानांना समजावलं.

इतक्यात भोंग्यावर तेच नाव घुमलं, अख्खं स्टेडियम उभं राहिलं आणि सत्तावन्नचा शर्ट घातलेले एक म्हातारे गृहस्थ हात हलवत मैदानात आले. नानांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मग माझ्याकडे. "हे कोण जी?"

"धाकटे भाऊ असतील..."

"बाबा! दॅट्स हिम!" इरा किंचाळली. "ही इज नॉट डेड! दे जस्ट डोंट गिव्ह हिज नंबर टू एनीवन एल्स!"

पुढचा तरुण वळून बघायला लागला. नानांनी शांतपणे टोपी घातली. केंब्रिज येईपर्यंत त्यांनी सगळे प्रश्न इरालाच विचारले.

नागपूरला परतल्यावर मात्र त्यांनी माझा फोटो मोठा करून बैठकीच्या भिंतीवर लावला. येणारा-जाणारा हळहळतो, "अरे, जावई कधी गेले?"

नाना म्हणतात, "हाय ना, चांगले जिवंत हाय! फक्त असा दुसरा जावई घरात घ्यायचा नाही, असं ठरवलं आम्ही."