अण्णांचा पाय आणि न सुटणारं एन्झाइम

गेल्या महिन्यात एका दुपारी बुऱ्हाणपूरला कॉलेजच्या लॅबमध्ये मी एकटीच होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, इथल्याच लालबाग भागातल्या दवाखान्यात ॲडमिट होते. केळीच्या बागेत पायाला कोयता लागला, मग गुडघ्यापर्यंत लाल सूज आणि ताप...

पेनिसिलिनच्या कुळातलं औषध सलाईनमधून सुरू होतं. दोन दिवसांत ताप उतरला आणि अण्णांनी हट्टच धरला. "बुखार तर गेला ना बाई, बस झाली दवाई. आपल्या गावाला, जसोंडीला चल." कोर्स अर्धवट सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं... अण्णा ऐकेनात.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. प्रॅक्टिकलसाठी निरुपद्रवी जिवाणूंच्या स्लाइडवर त्याच कुळातलं औषध टाकलं, मायक्रोस्कोपला मोबाइल लावला.

जिवाणूभोवती जाळीसारखी भिंत असते. ती विणणारं एन्झाइम त्या जाळीतल्या एका साखळीचं शेपूट धरतं, टोकाचा तुकडा तोडतं, साखळी क्षणभर स्वतःला चिकटवून घेतं आणि शेजारच्या साखळीला जोडून मोकळं होतं. पेनिसिलिन त्या शेपटासारखंच दिसतं. एन्झाइम त्याला धरतं... आणि मग सुटतच नाही. जुनी भिंत कापणारी एन्झाइम्स मात्र आपलं काम करतच राहतात, आणि भिंत कमकुवत होत जाते.

हे फळ्यावर कितीदा लिहिलंय मी. पण त्या दिवशी अर्ध्या तासाने एका जिवाणूच्या मधोमध फुगा आला... आतून कुणी बोट दाबावं तसा. मग तो फुटला. आवाज नाही, तडफड नाही.

मागे फक्त फिकट आकार उरला. आम्ही त्याला 'घोस्ट' म्हणतो. मग दुसरा, तिसरा... मी मान वर केली. लॅबमध्ये कुणीच नव्हतं, तरी मागे वळून पाहायचा धीर होईना.

संध्याकाळी अण्णांना व्हिडिओ दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"हेच चाललंय माझ्या पायात?"

"असंच काहीसं."

त्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आणि हा? हा तर साबूत आहे."

"अशांसाठीच उरलेला कोर्स आहे, अण्णा."

त्यांनी चादर सरकवली. स्वतःच्या पायाकडे ते असे पाहू लागले, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. मग हळूच म्हणाले, "मला तर काहीच कळत नाही आतलं..." थोड्या वेळाने त्यांनीच सिस्टरला हाक मारली, "बाटली लावा."

कोर्स पूर्ण झाला, पाय वाचला. डॉक्टरांचे आणि त्या सिस्टरचे आभार मानावेत तेवढे थोडेच. पण रात्रंदिवस आपल्या माणसाच्या आत एवढं सगळं कोसळत होतं आणि आम्ही शेजारी बसून चहा पीत होतो... हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.